यंत्राच्या तेलाची गाळणी

पाणी वस्त्रानें गाळून प्यावें, हा आपल्या घराघरांतील जुना दंडक. परंतु त्या दंडकाचें अर्धेंच मर्म गाळण्यांत आहे. उरलेलें अर्धें गाळणें झटकण्याच्या रीतींत आहे. भरलेल्या हंड्यावरच कोणी तें फडकें झटकलें, तर घटकाभराचे श्रम क्षणांत वायां जातात. ही गोष्ट कोणतीही गृहिणी जाणते. आश्चर्य असें कीं, लक्षावधि रुपयांच्या यंत्रांची निगा राखणारे कित्येक लोक नेमके येथेंच चुकतात. म्हणून तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या गाळणीविषयीं, आणि विशेषतः ती बदलतांना मळ पुनः तेलांत जाऊं नये म्हणून तिची रचना कशी करावी लागते याविषयीं, चार शब्द वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

रस्त्याच्या कडेस माती उपसणारें यंत्र असो कीं शेतांत नांगर उचलणारा ट्रॅक्टर असो, त्याचें उचलण्याचें बळ हायड्रॉलिक ऑईल नांवाच्या तेलांतून येतें. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोंचतो, हा सिद्धान्त सतराव्या शतकांत पास्कल या फ्रेंच पंडितानें मांडला. एक चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर दहा किलोग्रॅमांचा भार दिला, तर शंभर चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या हजार किलोग्रॅमांचा भार उचलतो. अर्थात् फुकट कांहींच मिळत नाहीं. लहान दट्ट्या शंभर बोटें सरकावा, तेव्हां मोठा एक बोट वर येतो. याच तत्त्वावर जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें १७९५ सालीं दाबयंत्राचें पेटंट घेतलें. त्याच्या यंत्रांत पाणी होतें. पुढें त्याची जागा तेलानें घेतली. कारण तेल दाब वाहून नेतें, वंगणाचें काम करतें आणि गंजही चढूं देत नाहीं.

या तेलाचा मोठा शत्रु म्हणजे मळ. तो मोजण्याचें माप मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि चाळीस मायक्रॉनांहून बारीक कण उघड्या डोळ्यांस सहसा दिसत नाहीं. पण पंपाच्या व व्हॉल्व्हच्या घासणाऱ्या भागांमधील फट कित्येकदां अवघी दोन-चार मायक्रॉन असते. त्या फटीएवढा कण आंत शिरला कीं धातु खरवडतो. त्या खरवडण्यांतून नवे कण उत्पन्न होतात, आणि ते पुढें आणखी धातु खरवडतात. चक्रवाढ व्याजाचाच हा प्रकार. डोळ्यांस तेल निर्मळ दिसतें, आणि यंत्र आंतून झिजत असतें.

हा मळ येतो चार वाटांनीं. कांहीं यंत्र घडवितांनाच आंत राहतो. कांहीं टांकीच्या श्वासनळीवाटे व दट्ट्याच्या दांड्यावरून आंत येतो. कांहीं झिजेमुळें आंतच निर्माण होतो. आणि कांहीं दुरुस्ती करणाऱ्याच्या हातांनीं शिरतो. नव्या पिंपांतील तेलही पुरेसें स्वच्छ असतेंच असें नाहीं. तेंसुद्धां गाळूनच भरावें.

गाळणीची योग्यता कशी ठरवावी? गाळणीपूर्वीं ठराविक आकाराचे दोनशें कण मोजले आणि गाळणीनंतर एकच उरला, तर तिचें बीटा प्रमाण दोनशें, म्हणजे शंभरांत साडेनव्व्याण्णव कण अडले. “दहा मायक्रॉनांची गाळणी” एवढेंच डब्यावर लिहिलेलें पुरत नाहीं. दहा मायक्रॉनांचे निम्मे कण अडविणारी आणि जवळजवळ सर्व अडविणारी, या दोन्ही गाळण्या तेंच नांव मिरवूं शकतात.

मोटारीच्या एंजिनाच्या तेलासाठीं स्वीटलँड व ग्रीनहाल्घ या अमेरिकन गृहस्थांनीं १९२३ सालीं गाळणी पुढें आणली. आज दाबयंत्राच्या गाळणीचे मुख्य भाग दोन : कायमचें कवच, आणि आंतील बदलतें पुडकें, ज्यास कारागीर एलिमेंट म्हणतात. कागदाच्या किंवा कांचतंतूंच्या पत्र्यास पंख्यासारख्या चुण्या घालून तें बनवितात, म्हणजे थोड्या जागेंत पुष्कळ पृष्ठभाग मिळतो.

खरा विचार पुढें आहे. बहुतेक गाळण्यांत तेल पुडक्याच्या बाहेरून आंत जातें, म्हणून मळ बाहेरील अंगास सांचतो. असें पुडकें उचलतांना तो मळ सुटून कवचाच्या तळाशीं पडतो; कवच पुसलें नाहीं तर नव्या पुडक्याच्या वांट्यास पहिल्या दिवसापासून जुनाच मळ येतो, आणि स्वच्छ बाजूस एखादा थेंब गेला तर तो थेट पंपापर्यंत पोहोंचतो. यावर एक युक्ति अशी कीं, टांकीकडे परतणाऱ्या तेलाच्या गाळणींत प्रवाह आंतून बाहेर ठेवावा. मग मळ पुडक्याच्या पोटांत राहतो, आणि बंद बुडाचें तें पुडकें मळासकट उचलून नेतां येतें. दुसरी युक्ति बगलेच्या झडपेची. पुडकें तुंबलें कीं फाटूं नये म्हणून ही झडप उघडून तेलास गाळणीवांचून वाट देते. ती तळाशीं असेल तर बसलेला गाळच आधीं वाहून जातो; म्हणून ती वरच्या अंगास ठेवणें शहाणपणाचें. शिवाय ती उघडण्यापूर्वींच सूचना देणारा दर्शक हवा. तिसरी गोष्ट अशी कीं, पुडकें बसविल्यावांचून झांकण लागूंच नये, किंवा भलत्याच मापाचें पुडकें आंत बसूंच नये, अशी खांचेची रचना करावी. माणूस विसरतो, खांच विसरत नाहीं.

इतकें करूनही मनुष्याचा लोभ आडवा येतोच. कागदाचें पुडकें रॉकेलांत किंवा डिझेलांत धुऊन पुनः बसविण्याची चाल अनेक ठिकाणीं आहे. धुण्यानें वरचा मळ जातो, चुण्यांत खोल रुतलेला जात नाहीं, आणि कागदास पडलेलें बारीक छिद्र तर दिसतही नाहीं. कर्ज काढून यंत्र घेणाऱ्या तरुणाची पुडक्याच्या किमतीची ही बचत पुढें पंपाच्या किमतीवर जाते. पण हानि पैशाचीच असती तर एवढें लिहिण्याचें कारण नव्हतें. मळानें व्हॉल्व्हमधील सरकता दांडा अडकला, तर दांडी सोडल्यावरही यंत्राचा हात थांबेल याची खात्री नाहीं; आणि त्या हाताखालीं एखादा मजूर उभा असूं शकतो.

म्हणून ज्यांच्या घरचा मुलगा, भाचा वा पुतण्या अशा यंत्रांशीं संबंध ठेवून आहे, त्यांनीं त्यास एवढें अवश्य सांगावें : झांकण उघडण्यापूर्वीं वरची धूळ पुसावी, नवें पुडकें बसवीपर्यंत त्याचें वेष्टन काढूं नये, जुनें पुडकें ओढ्यांत किंवा उकिरड्यावर न टाकतां वापरलेल्या तेलाबरोबर रीतसर सोंपवावें. शुचितेचा जो धडा आपण पाण्याच्या हंड्यापाशीं शिकलों, तोच येथें लागू आहे : गाळणें स्वच्छ हवें, आणि तें झटकण्याची जागाही योग्य हवी.