कोठारातला मुक्काम

धान्याचे कोठार म्हटले, की आपल्याला कणगी आठवते, पेव आठवते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन बंदरावरचे कोठार 57 मीटर उंच! बांधले 1924 साली. आगगाडीने आलेला मका यंत्रे वर चढवीत आणि बोटींत भरण्याआधी काँक्रीटच्या प्रचंड नळ्यांत साठवीत. 2001 मध्ये हे काम थांबले. पण लंडनचे रचनाकार थॉमस हेदरविक यांनी इमारत पाडली नाही. नळ्याच आतून कोरून कलासंग्रहालय केले. मधला चौक, बरे का, मक्याच्या दाण्याच्या आकाराचा! वरच्या यंत्रांच्या मनोऱ्यात 2017 साली 28 खोल्यांचे हॉटेल निघाले. भाडे विचारू नका. मका पिकवणाऱ्याला ते पेलायचे नाही. संग्रहालय मात्र तिकीट काढून कुणीही पाहावे. खोल्यांच्या काचा उशीसारख्या बाहेर फुगलेल्या. रात्री दिवे लागले, की मनोरा कंदिलासारखा उजळतो.