पोटातले जुने खातेदार

गेल्या श्रावणातली गोष्ट. वैजापूरच्या मोंढ्यात चाळीस वर्षे कांद्याचा व्यापार केलेला माझा वर्गमित्र सकाळीच घरी आला. तंबाखूने त्याला तोंडाचा कर्करोग दिला होता आणि मुंबईत इम्युनोथेरपी सुरू होती. दर तीन आठवड्यांनी तो रोटेगाव स्टेशनवर गाडी धरी.

"रात्रीपासून सहा वेळा जाऊन आलो रे," तो म्हणाला. आदल्या दिवशी भंडाऱ्यात जेवला होता. मी कपाटातली अँटिबायोटिकची उरलेली पट्टी त्याच्या हातावर ठेवली. "दोन दिवसांत बरा होशील."

जन्मभर बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासलेला मी. पण ती पट्टी देताना कोणाला विचारले नाही.

चौथ्या दिवशी त्याला उचलून गाडीत घालावे लागले. वहिनींनी मुंबईला फोन केला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पहिल्याच दिवशी का नाही कळवले?" जुलाब भंडाऱ्याचे नव्हते. औषधामुळे आतड्याला दाह झाला होता. स्टिरॉइड दिल्यावर तो वाचला. ते औषध मात्र थांबवावे लागले.

असे का व्हावे? मला ते बँकेच्या भाषेतच समजले. आमच्या शाखेच्या दारात बंदूकधारी पहारेकरी असे. त्याची हुशारी बंदुकीत नव्हती, कोणाला अडवायचे नाही हे ओळखण्यात होती. शरीरातल्या टी-पेशी अशाच पहारेकरी. त्यांनी घरच्यांवर हात उचलू नये म्हणून निसर्गाने त्यांना लगाम घातले आहेत. लबाड कर्करोग तोच लगाम ओढून त्यांना गप्प बसवतो. हा लगाम सैल करण्याच्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

औषध महागडे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिले. डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर जगण्याचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे या औषधाला भ्यायचे कारण नाही. जपायचे मात्र आहे.

कारण लगाम सुटलेला पहारेकरी घरच्यांवरही धावून जाऊ शकतो. त्वचा, थायरॉइड, फुप्फुसे, यकृत, आतडी, कुठेही. आतड्यात तर केवढी गर्दी! एका माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. हे आपले जुने खातेदार. एकाचे पोट बिघडते, दुसऱ्याचे नाही, याचे उत्तर काही अंशी त्यांच्यात आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात प्रयोगशाळेत वाढलेल्या उंदरांना याच प्रकारचे एक औषध दिले, आतडी शाबूत राहिली. रानउंदरांचे जिवाणू पोटात असलेल्या उंदरांना तेच दिले, दाह झाला. हे २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी २०१८ साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राने अशा दाहाच्या दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली होती. इतर औषधांना दाद न देणारा त्यांचा दाह निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू आतड्यात सोडल्यावर शमला. किळस वाटेल खरी, पण गुण आला.

आणि माझी पट्टी? दाह तिने आणला नाही. पण तिच्या भरवशावर चार दिवस गेले, आणि अँटिबायोटिक चांगला-वाईट जिवाणू बघत नाही. ते घेतलेल्या रुग्णांना इम्युनोथेरपीचा गुण कमी येतो, असे पॅरिसच्या संशोधकांना २०१८ सालीच दिसले होते.

म्हणून एवढेच सांगणे. घरात कोणी हे उपचार घेत असेल, किंवा संपून काही महिने झाले असतील, तर जुलाब, पुरळ, धाप यांपैकी काहीही दिसताच त्याच दिवशी कर्करोगाच्या डॉक्टरांना कळवा. मनाने गोळी नको, प्रोबायोटिकही नको. भाकरी-भाजी एरवी उत्तमच; पण पोट बिघडल्यावर काय खावे, तेही त्यांनाच विचारा.

मित्र सध्या दुसऱ्या गोळ्यांवर आहे. घरी आला की कपाटाकडे बघून विचारतो, "काय साहेब, आज काय देता?"

मी चहा देतो.