आग विझवणे ही शिकायची विद्या आहे



हंगामात ऊस पेटल्याची हाक आली की सारा गाव धावतो. हिंमत असतेच, पण नुसत्या हिंमतीने आग विझत नाही. जळालेला ऊस लवकर गाळला नाही तर वजन घटते, उतारा पडतो. हे नुकसान तुमचे आणि कारखान्याचेही. म्हणून हे शिक्षण कुठे मिळते, सरकार त्याला काय मदत करते, ते थोडक्यात सांगतो.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज पेटले. पोटात कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्रच भरलेली! स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

अग्निशमन हे काम राज्याचे आणि नगरपालिकांचे. पण प्रत्येक पालिकेला स्वतःची शाळा काढणे कसे झेपणार? म्हणून केंद्राच्या गृह खात्याने 1956 साली रामपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय काढले. 1957 साली ते आपल्या नागपूरला आले. देशभरचे अधिकारी तिथे शिकतात, अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही मिळते. राज्याचे प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझला आहे. 2023 साली केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवा सुधारण्यासाठी 5,000 कोटींची योजना जाहीर केली. त्यात आपल्यासारख्या राज्यांनी 25 टक्के वाटा घालायचा होता.

शिकण्यासारखे काय असते? तारेची ठिणगी पडून आग लागली तर वीज बंद झाल्याशिवाय पाणी मारायचे नाही. बगॅसचा ढीग आतून धुमसतो. वरून पाणी मारून भागत नाही, ढीग उपसावा लागतो. डिस्टिलरीतल्या अल्कोहोलवर साधा फेस विरून जातो, त्याला वेगळा फेस लागतो. पेटलेल्या फडात वारा जिकडे जातो त्या बाजूने शिरायचे नाही. न शिकलेला माणूस नेमका इथेच चुकतो, आणि चूक जिवावर बेतते.

तेव्हा दोन गोष्टी करा. बारावी सायन्स झालेल्या पोरापोरींना नागपूरच्या पदवीची माहिती द्या. आणि एप्रिलच्या सप्ताहात जवळच्या पालिकेच्या अग्निशमन दलाला गावात प्रात्यक्षिकासाठी बोलवा. सरकारी पैशावर शिकलेली ही माणसे आपलीच आहेत.

ऊस पेटलाच तर आधी 101 किंवा 112 फिरवा, मग गट ऑफिसला कळवा.