हा कणा कोणाचा?

कोकणातल्या मिरजोळ्यात जमीन उकरली की आधी लागतो जांभा आणि त्याच्याखाली काळा कातळ. कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात हाडं कुठून टिकणार? ती हवी असतील तर या लाव्ह्याच्याही तळाशी दबलेल्या खडकांकडे जायला हवं. हे 'लमेटा' खडक विदर्भात, मध्य प्रदेशात आणि गुजरातेत अधूनमधून उघडे पडतात. त्यातल्या चुनखडीत डायनोसॉर चक्क अंडी घालून गेलेत!

अशाच चुनखडीत, गुजरातेतल्या धोली डुंगरी गावाजवळ, 1980च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांना एक विलक्षण दगड मिळाला. त्यात गोल अंडी होती आणि अंड्यांना खेटून चिमुकली हाडं. मग ती हाडं कोणाची असणार? पिल्लाचीच की! 1987 साली त्यांनी तसं प्रसिद्धही केलं. आणि गंमत म्हणजे, ते निम्मं खरंच होतं.

2001 मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि त्यांची नजर मणक्यांवर अडली. तुमच्या-माझ्या कण्यात मणके एकमेकांना जोडलेले असतात ते मधल्या चकत्यांनी आणि मागच्या बाजूच्या छोट्या सांध्यांनी. सापाला तेवढ्यावर भागत नाही. त्याच्या प्रत्येक मणक्याला पुढून एक जादा खुंटी असते आणि ती पुढच्या मणक्याच्या खाचेत घट्ट बसते, सुतारानं ठोकून बसवावी तशी. त्यामुळे कणा हवा तसा वळतो, पण पिळवटत नाही. इग्वानासारख्या काही सरड्यांतही अशी खुंटी असते म्हणा. पण इथे तर मणक्यामागून मणका अंड्याभोवती वेटोळं घालत गेला होता!

म्हणजे दगडात प्राणी एक नव्हे, दोन. रीतसर परवानगीनं तो दगड मिशिगनला गेला, आणि नाजूक हाडांवरचा कठीण थर सोडवण्यात वर्ष गेलं. मग चित्र स्पष्ट झालं. सुमारे साडेतीन मीटरचा साप, त्याच्या विळख्यात फुटलेलं अंडं आणि शेजारी जेमतेम अर्धा मीटर लांबीचं, नुकतंच बाहेर आलेलं, टायटनोसॉर या अवाढव्य डायनोसॉरचं पिल्लू. वय सुमारे 6 कोटी 70 लाख वर्षं. ज्या लाव्ह्यातून सह्याद्री कोरला गेला, तो अजून सांडायचा होता! 2010 मध्ये सापाचं बारसं झालं: सनाजेह इंडिकस.

पण शिकारी नि सावज एकाच क्षणी दगड कसे झाले? बहुधा वादळी पावसात ओल्या वाळू-चिखलाचा लोंढा आला आणि दोघांनाही जागच्या जागी गाडून गेला. आता हा साप योगायोगानं तिथे आला होता, असं म्हणावं, तर त्याच परिसरात अंड्यांजवळ अशाच सापांचे आणखी अवशेष मिळालेत. वीण कुठे होते, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं.

तरी मला खरी मौज वाटते ती या सापाच्या कवटीची. अजगर आपल्या डोक्याहून कितीतरी मोठं सावज गिळतो, कारण त्याचा जबडा अफाट ताणतो. या सापाला ते जमत नव्हतं. त्याच्या तोंडात मावायचं ते टायटनोसॉरचं तान्हं पिल्लू. ही पिल्लं वाढायचीही झपाट्यानं. वर्षभर तग धरला, की त्याच पिल्लाच्या वाटेला जायची या सापाची टाप नव्हती.