साडेपाच लाख ब्रास कातळ

कोल्हापूरच्या माणसाला रेल्वेचा घाट भेटतो तो मुंबईच्या वाटेवर. कोयना एक्सप्रेस लोणावळा सोडते आणि बोरघाट उतरू लागते. दरी, बोगदे, पावसाळ्यातले धबधबे यांचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र या घाटाचे आकडे त्याहून थक्क करतात.

घाटाचा सर्वांत तीव्र चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण 24 डब्यांची गाडी साधारण साडेपाचशे मीटर लांब असते. ती अशा चढावर सरळ उभी असेल, तर पहिला आणि शेवटचा डबा यांच्या उंचीत पंधरा मीटरचा फरक पडतो. पुढच्या डब्यातला प्रवासी पाचव्या मजल्यावर आणि मागचा तळमजल्यावर!

पायथ्यापासून माथ्यापर्यंत हा घाट 1,831 फूट, म्हणजे साधारण 558 मीटर चढतो. हजार टनांची गाडी तेवढी उचलायला नुसत्या उचलण्यापुरतीच दीड हजार युनिट वीज लागते. महिन्याला दीडशे युनिट जाळणाऱ्या घराला ती दहा महिने पुरेल. म्हणूनच मुंबईहून येताना कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. उतरताना हीच ताकद उलटते आणि ती सगळी ब्रेकांनी पचवावी लागते. ब्रेक नसते आणि घर्षणही नसतं, तर पायथ्याशी गाडीचा वेग ताशी पावणेचारशे किलोमीटर झाला असता. त्यासाठीच घाटात कॅच सायडिंग आहेत. मुख्य रुळापासून फुटून चढावर जाणारा हा आंधळा फाटा. बेलगाम सुटलेली गाडी त्यात शिरावी आणि चढानेच थांबावी, अशी ती योजना.

हा मार्ग कोरायला 1856 मध्ये सुरुवात झाली आणि 1863 च्या मे महिन्यात तो खुला झाला. जवळजवळ 16 मैलांत 25 बोगदे. खोदाई, बहुतेक कातळाचीच, साडेपाच कोटी घनफुटांच्या आसपास. घर बांधणाऱ्या कोणालाही कळेल अशा मापात सांगायचं तर साडेपाच लाख ब्रास. एका ट्रकमध्ये तीन ब्रास धरले, तर एक लाख ऐंशी हजारांवर खेपा. पावसाचे चार महिने वगळून सात वर्षांचे साधारण सतराशे दिवस धरले, तर रोज तीनशेवीस ब्रास, म्हणजे शंभरावर ट्रक. आणि ट्रक तर नव्हतेच. घण, पहार, छिन्नी आणि सुरुंगाची काळी दारू एवढीच सामग्री. डायनामाइटचं पेटंट घाट खुला झाल्यानंतर चार वर्षांनी, 1867 मध्ये निघालं. कडा इतका उभा, की काही ठिकाणी माणसं दोराने खाली सोडून भोकं पाडावी लागली.

1861 मध्ये या कामावर 42 हजार माणसं होती. त्यानंतर वीस वर्षांनी, 1881 च्या जनगणनेत, अख्ख्या कोल्हापूर शहराची वस्ती चाळीस हजारांच्या आतच भरली. पटकीने आणि अपघातांनी घाटावरची किती माणसं गेली? काही अभ्यासकांचा अंदाज 24 हजारांपर्यंत जातो. मुख्य अभियंता जेम्स बर्कली घाट खुला होण्याआधी, 1862 मध्ये वारला. त्याचं स्मारक आहे. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच, 1859 मध्ये गेला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका सोडला नाही, काम पुरं करून घेतलं. तिचंही नाव टिकलं. पण त्या हजारो मजुरांपैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही, याची मला फार खंत वाटते.

आता आपल्या दाराशी येऊ. कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे कोकणातली वैभववाडी रस्त्याने ऐंशी-एक किलोमीटर. रेल्वेने जायचं तर मिरज, लोंढा, कुळे, मडगाव असा चारशे किलोमीटरपेक्षा मोठा वळसा, आणि त्यातही कॅसलरॉकपासून पुन्हा 37 ला 1 चाच घाट. सुमारे 107 किलोमीटरच्या कोल्हापूर–वैभववाडी मार्गाला 2016-17 च्या रेल्वे अर्थसंकल्पात जागा मिळाली, पण रूळ अजून पडलेले नाहीत. काम सोपं नाही, हे मान्य करायलाच हवं. पाचशे मीटर उतरायचं धरलं, तर 37 ला 1 ने साडेअठरा किलोमीटर लागतात, 100 ला 1 ने पन्नास. तेवढी लांबी सह्याद्रीच्या उभ्या कड्यात बोगद्यांनीच मिळवावी लागणार. त्यात गगनबावड्याचा पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर.

पण कोकण रेल्वेने करबुड्याचा एकच बोगदा साडेसहा किलोमीटरचा खोदला. बोरघाटातले पहिले पंचवीस बोगदे मिळून चार किलोमीटरही भरत नाहीत. यंत्रं आहेत, अनुभव आहे. कोल्हापूरकरांनी या मार्गाची मागणी सोडू नये.