कुट्टीचे चाक कुणाच्या उंचीचे?



मध्यंतरी नवसारीकडचा ऊस पाहायला जाताना आम्ही तलासरी तालुक्यात अच्छाडला एका परिचितांकडे चहाला थांबलो. गुजरातची हद्द तिथून हाकेवर. अंगणात दोन म्हशी, भाताचा पेंढा आणि हाताने फिरवायचे कुट्टी यंत्र. यजमानांनी ते दगडी थरांवर पक्के बसवलेले, पण स्वतःच्या उंचीला. चाक फिरवायच्या मात्र वहिनी! मूठ वर गेली की त्यांचे हात डोक्याशी जात, टाचा उचलत. "सवय झाली आता," म्हणाल्या. रात्री खांदे भरून येतात, हे मागाहून सांगितले.

आम्ही दगडांचा एक थर काढायला लावला. मूठ सर्वांत वर असताना खांद्याच्या वर जाऊ नये आणि खाली आली की फार वाकावे लागू नये, एवढाच हिशेब. सतत काम करताना माणसाची ताकद जेमतेम दशांश अश्वशक्ती. ती टाचा उचलण्यात कशाला घालवायची? चहा गार झाला, पण काम झाले.

पेंढा सारायला आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याला आम्ही आधीच उठवले होते. हे चाक जड असते, हात सोडला तरी फिरतच राहते. दातेरी रूळ पेंढा ओढतात तशी बोटेही ओढतात, आणि फिरवणाऱ्याला ती दिसत नाहीत. आमच्याच गटात मागच्या गळितात वाढ्यांची कुट्टी करताना एका सभासदाच्या मुलीची दोन बोटे गेली. त्या घरी आम्ही गेलो, पण बोलायला तोंड उघडले नाही.

दिल्लीच्या आयआयटीतील दिनेश मोहन व राजेश पटेल यांनी या दुखापतींचा विचार करून १९९२ साली सुधारणा मांडल्या. दातेरी रुळांच्या अलीकडे एक सैल रूळ, म्हणजे हात पुढे गेला की आधी तो लागतो आणि माणूस सावध होतो. पात्यांना आडोसा. काम संपल्यावर चाक अडवायला खीळ, कारण रिकाम्या यंत्राशी पोरे खेळतात. खर्च फार नाही, गावचा सुतार-लोहार करू शकेल.

गट कार्यालयात आम्ही लाकडी रुळाचा नमुना ठेवला आहे. सुताराला घेऊन या. येताना घरी चाक जी फिरवते तिची खांद्यापर्यंतची उंची मोजून आणा, आपली नको.