काकू पाण्यात असते

सकाळी ६. मेळघाटातला मार्च. खिडकीतून दिसतंय, माझ्या वर्गातली निम्मी पोरं मोहाखाली वाकलेली. रात्रभर गळलेली फुलं ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. सकाळची शाळा मार्चात आणि मोहही मार्चातच. वेळापत्रक आखणाऱ्यानं मोहाचं झाड बघितलं नसावं.

७:१५. परिपाठ. बावीसपैकी अकरा हजर. बाकीचे मागाहून, खिसे फुगवून.

८:००. पहिली, अक्षर 'क'. माझ्या शब्दपट्टीवर 'काकू', बाजूला पदर घेतलेली बाई. "काकू कुठं असते?" मला 'घरी' हवं होतं. मागून आवाज आला, "डा!" डा म्हणजे पाणी. एका पोरीनं हाताचा पंजा वळवळवून दाखवला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोरकूत काकू म्हणजे मासा. दोन वर्षं मी या पोरांना मासा म्हणून पदरवाली बाई दाखवत होते आणि एकानंही तक्रार केली नव्हती. पट्टी फाडली नाही. बाईशेजारी मासा काढला.

कोरकूला मराठीची बोली म्हणणारे साहेबसुद्धा भेटतात. ती मुंडा कुळातली. तिच्या बहिणी संथाली, मुंडारी, पार झारखंडाकडच्या. कोरकूत नामं सजीव आणि निर्जीव, एवढीच वाटणी. तो-ती-ते नाहीच. म्हणून 'ती दगड' हा निष्काळजीपणा नव्हे. पहिलीच्या वह्यांवर लिंगासाठी लाल पेन चालवणं मी सोडलंय. चित्रं बदलणं त्यामानानं सोपं, सगळे तेवढंच करतात.

१०:००. खिचडी. पोषण आहाराच्या मावशी माझ्या खऱ्या संपादक. त्या कोरकू, माझ्याशी मात्र हिंदी-मराठीची मिसळ. आज 'सिटा' म्हणजे कुत्र्याचं कार्ड दाखवलं. छापील चित्रातला, गळ्यात पट्टा, पांढरा झुपकेदार. मावशींनी मला थांबवलं. "मॅडम, ये सिटा नाय. ये तो बकरी का बच्चा." कार्ड रद्द.

१०:३०. गणित. खिशातली फुलं जमिनीवर, दहा-दहाचे ढीग. दहाला कोरकूत 'गेल', पाचाला 'मोनोय'. पाढ्यात कच्चा असलेला एक जण म्हणाला, वाळल्यावर टोपलीभर फुलांची टोपलीभर राहत नाहीत. मग किती राहतात, यावर जो वाद पेटला त्यात वजाबाकीचा धडा उरकला.

११:३०. शाळा सुटली. पुढचे दोन तास ऑनलाइन माहिती भरण्यात गेले. त्याविषयी न बोललेलं बरं.

दुपारी ४. खोक्याचे पुठ्ठे कापून नवी कार्डं. सिटा मी गावातलाच काढला, कान फाटलेला.

संध्याकाळी ७. वरच्या पठारावरच्या शाळेतल्या सरांचा फोन. "मॅडम, तुमच्या शब्दपट्ट्यांचे फोटो पाठवा ना, आयत्या मिळतील." पाठवायला घेतले आणि थांबले. त्यांच्या वर्गात गवळ्यांची पोरं जास्त. तिथं काकू पाण्यात नसते.